भत्ता घेणाऱ्याकडून चार आठवडे बिनपगारी काम: प्लेसमेंट की वेठ?

राऊनाका
इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका मशीनिंग युनिटमध्ये असं घाटतंय: नोकरी गेल्यामुळे ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून भत्ता घेणारे टर्नर (लेथवर धातू कातणारे) आणि फिटर (सुटे भाग घासून जुळवणारे) चार आठवडे 'प्लेसमेंट'वर घ्यायचे, पगार शून्य, काम पसंत पडलं तर नोकरी. युक्तिवाद असा की घर भत्त्यावर चालतंयच, हात चालता राहील, आणि इंग्लंडात तर सरकारच हे करतं. हे योग्य आहे का? नसेल तर माणूस पारखायचा कसा?

कलम२३
आधी हा भत्ता येतो कुठून ते बघा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के दरमहा भरले जातात, त्या वर्गणीवरचा हा हक्क आहे, खिरापत नाही. मिळतात ते सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस. म्हणजे ६०० रोज असलेल्याला दिवसाला ३००. नोकरी शोधायला मिळालेल्या या ९० दिवसांतले २८ दिवस युनिट खाणार आणि त्या दिवसांचा खर्च भागणार कामगाराच्याच विम्यातून. मला हे फार खटकतं.

कायद्याचं म्हणाल तर घटनेचं कलम २३ बिगारीला मनाई करतं. १९८२ च्या एशियाड बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाखाली करून घेतलेलं काम हे सक्तीचं कामच, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्ती असते. १९८३ च्या संजित रॉय खटल्यात राजस्थान सरकारचा बचाव होता की दुष्काळी काम म्हणजे मदत, तिथे कमी मजुरी चालते. न्यायालयाने तो मानला नाही. 'भत्ता मिळतोय ना' हा त्याच बचावाचा धाकटा भाऊ.

टेम्सकाठ
'इंग्लंडात करतात' नाही, करत होते. २०११ मध्ये सुरू झालेल्या सक्तीच्या योजनेत आठवड्याला ३० तास, चार आठवडे काम होतं. गेला नाहीत तर पहिल्या वेळी १३ आठवडे भत्ता बंद. २०१२ मध्ये तिथल्या सरकारच्याच खात्याच्या अभ्यासात दिसलं की नोकरी लागण्याच्या शक्यतेवर या कामाचा काहीच परिणाम झाला नाही. दुसऱ्या एका योजनेत भूगर्भशास्त्राच्या एका पदवीधर मुलीला संग्रहालयातलं स्वतःहून धरलेलं काम सोडून पाउंडलँड या दुकानात दोन आठवडे फुकट राबावं लागलं. तो खटला २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सक्तीच्या मजुरीचा मुद्दा न्यायाधीशांनी फेटाळला, हेही सांगायला हवं. योजनेचे नियम मात्र बेकायदा ठरले, कारण योजना काय आहे हे त्यांत नीट लिहिलंच नव्हतं.

जर्मनीत २००५ पासून भत्ता चालू ठेवून वर तासाला एक-दोन युरो देतात, आणि अटी तीन: काम जादाचं असावं, लोकहिताचं असावं, बाजारातल्या कुणाचा धंदा त्याने मारला जाऊ नये. गिऱ्हाइकाचं जॉबवर्क तिन्हींत नापास.

लेथवाला
टर्नर पारखायला चार आठवडे कशाला? दोन तास पुरतात. एमएसचा (साध्या पोलादाचा) २५ मिमी व्यासाचा, १०० मिमी लांब तुकडा आणि ड्रॉइंग द्या: दोन्ही तोंडं फेसिंग (सपाट कातणं), ६० मिमी लांबीत २२ मिमी व्यास, अधिक-उणे ०.०५ मिमी, टोकाला १ मिमी चॅम्फर (तिरकी कड). मग बाजूला उभं राहून बघा. टूलची सेंटर हाइट, म्हणजे टोक तुकड्याच्या मध्याच्या उंचीला, स्वतः लावतो का? टूल खाली राहिलं तर फेसिंगला मधोमध बारीक बोंडी उरते, ती लपत नाही. शेवटच्या कटाआधी मशीन थांबवून माप घेतो का? चकची (तुकडा पकडून फिरवणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्येच ठेवून स्टार्टरकडे हात नेला तर टेस्ट तिथेच बंद करा, ती चावी गोळीसारखी सुटते.

आणि तुकडा स्क्रॅपच्या पिंपात टाका. गिऱ्हाइकाच्या क्रेटमध्ये गेला की ते काम झालं, त्याची मजुरी लागू झाली.

खरंच शिकाऊ हवे असतील तर मध्य प्रदेश सरकारची सीखो-कमाओ योजना आहे, वय १८ ते २९. आयटीआय झालेल्याला महिना ८,५००, त्यातले ७५ टक्के सरकारचे. युनिटच्या वाट्याला २,१२५ येतात. पण पंधरा वर्षं लेथवर उभ्या असलेल्या माणसाला शिकाऊ म्हणू नका, त्याला परिवीक्षेवर पहिल्या दिवसापासून पूर्ण पगारावर घ्या.

राऊनाका
आणि तो स्वतःच म्हणाला, फुकट चालेल, तर?

कलम२३
'नाही' म्हटल्याने त्याचं काय बिघडतं ते विचारा. नोकरीची आशा टांगलेली असेल तर ते 'चालेल' मोकळ्या मनाचं नाही. शिवाय हजेरीवर नाव नसताना बाही चकमध्ये अडकली, तर तो तुमचा कामगार नव्हता हे पटवून देणं युनिटला जड जाईल.

राऊनाका
पटलं. फिटरची टेस्ट कशी घ्यायची, लेथवालेदादा?

लेथवाला
८ मिमी जाडीच्या दोन प्लेटा: एकीत २० मिमीची चौकोनी खाच, दुसरीला तिच्यात बसणारी जीभ. हॅकसॉ, फाइल, गुण्या, बाकी काही नाही. बसवल्यावर ०.१० मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) कुठूनही आत जाता कामा नये, आणि जीभ उलटी फिरवूनही तशीच बसली पाहिजे. याला चार तास लागतात, म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी त्याच दिवशी हातावर द्या, पसंत पडो न पडो.