फिलिप ग्लासचं 'सत्याग्रह' : भैरवीच्या सुरांवर संपणारा ऑपेरा आपल्याला कंटाळवाणा का वाटतो?

ढवळीचा_श्रोता
आधी माझं मत सांगतो. गोव्यातल्या मराठी माणसाचे कान नाट्यसंगीत, देवळातलं भजन आणि संगीत समारोहातला ख्याल ऐकून तयार झालेले असतात, त्यामुळे ग्लासचं 'सत्याग्रह' युरोपातल्या श्रोत्याआधी आपल्याला पोचायला हवं. पण कोणालाही ऐकवलं की पाच मिनिटांत म्हणतात, तेच तेच काय चाललंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लास हा अमेरिकन संगीतकार, जन्म १९३७ चा, बाल्टिमोरचा. पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बुलांजेंकडे शिकत असताना एका सिनेमाच्या संगीताच्या कामात त्याची रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याशी गाठ पडली, आणि ताल म्हणजे काय हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा. 'सत्याग्रह' १९८० ला रॉटरडॅमला पहिल्यांदा झालं. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, पण गाण्याचे सगळे शब्द गीतेतले आणि तेही संस्कृतमध्येच. तीन अंकांना टॉलस्टॉय, टागोर आणि (मार्टिन ल्यूथर) किंग अशी नावं. वाद्यवृंदात तंतुवाद्यं, लाकडी सुषिरवाद्यं आणि ऑर्गन, पितळी वाद्यं आणि तालवाद्यं अजिबात नाहीत.

आता मुद्दा. शेवटी गांधीजी एकटे गातात तेव्हा एकच चढती सुरावट येते, षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत, पुन्हा पुन्हा, तब्बल ३० वेळा. पाश्चात्त्य लोक त्या स्वरक्रमाला फ्रिजियन म्हणतात. पेटीवर वाजवून बघा, रे ग ध नी कोमल, म्हणजे सरळ भैरवीचे स्वर. तीन अंक झाल्यावर भैरवी, आपली मैफल संपते तसंच! हे ज्याच्या कानाला जाणवेल त्याला कंटाळा कसा येईल?

जयपूरची_विद्यार्थिनी
दादा, तुमची कळकळ पोचली पण मला हे अजिबात पटत नाही. कोमल स्वर एका ओळीत चढवले की भैरवी होत नाही. भैरवीला चलन आहे, म्हणजे सुरांची ठरलेली चाल, मुक्काम आहेत, शुद्ध रिषभ हळूच कधी लावायचा याची एक समज आहे आणि ती गुरूसमोर बसूनच येते. नुसता आरोह ३० वेळा हा आम्ही पहाटे रियाजात घटवतो तो पलटा झाला, गाणं नाही.

आणि भैरवीच ऐकायची तर आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची ऐका ना. 'जात कहाँ हो' साडेतीन मिनिटांची आहे, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तेवढ्या वेळात ती बाई जे मांडते ते ग्लासला अख्ख्या अंकात जमत नाही, कारण तिची एकही जागा पुन्हा तशीच येत नाही. आमच्या जयपूर घराण्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर दर वेळी नव्या वाटेने यायचं हाच संस्कार. बढत, म्हणजे गाणं हळूहळू फुलवत नेणं, नसेल तर पुन्हा पुन्हा कशाला म्हणायचं?

ढवळीचा_श्रोता
ताई, साडेतीन मिनिटं ही त्या काळच्या तबकडीची मर्यादा होती, केसरबाईंच्या मैफली तेवढ्याच नव्हत्या. आणि ग्लासमध्ये काहीच बदलत नाही हे खरं नाही. ती सुरावट तशीच राहते पण खालून वाद्यं तिचा आधार बदलत राहतात त्यामुळे तोच गंधार कधी निवलेला वाटतो कधी टोचतो. आपण एक आधारस्वर धरतो आणि वरची गायकी बदलतो, तो गाणं धरून ठेवतो आणि जमीन हलवतो. बढत आहेच, फक्त ती गळ्यात नाही.

ठेका_धा
तबला वाजवतो म्हणून फक्त लयीबद्दल बोलतो. ग्लासने ताल आपल्याकडून घेतला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मला ते अर्धंच खरं वाटतं. १९६८ चं 'टू पेजेस' ऐका, पाच सुरांचा एक तुकडा आहे, त्यात सूर वाढतात, मग कमी होतात, म्हणजे आवर्तनाचीच लांबी सतत बदलते. आमच्याकडे उलट, तीनताल सोळाचा तो सोळाच, कायदा (ठरलेली बोलरचना) खुलवा, पलटे करा, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कितीही वाकडी बांधा पण सम ठरलेल्या जागीच. श्रोत्याला मजा येते ती समेची वाट बघण्यात. ग्लासकडे सम नाही, मग वाट कशाची बघायची? मला तरी हाच प्रश्न मोठा वाटतो, आणि त्याचं उत्तर नसेल तर आपल्या कानांना हे आधी कळायला हवं हा तुमचा दावा टिकत नाही.

व्हायोलिन_मडगाव
वरचा मुद्दा एकदम बरोबर पण मला त्यातूनच उलटं दिसतं. सम नाही म्हणूनच हे त्याचं स्वतःचं संगीत आहे, नक्कल नाही. वाट बघणं सोडून द्यायचं हीच अट आहे. 'आइन्स्टाइन ऑन द बीच' १९७६ ला आविन्योंला झालं, जवळजवळ पाच तास, मध्यंतर नाही, लोकांनी हवं तेव्हा उठावं आणि परत येऊन बसावं अशी मोकळीक. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास भजन तुटत नाही, आपण रात्री जातो, फेरीत फिरतो, पहाटे परत येतो तरी ते चालूच असतं, तिथे कोणी म्हणतं का की बढत कुठाय?

अजून एक, मी वाजवणारी आहे म्हणून सांगते, हे वाजवायला सोपं नाही. तोच आकार तेवढ्याच दाबाने पानंच्या पानं वाजवायचा, बो धरलेला हात भरून येतो आणि जरा लक्ष हललं की कितवी आवृत्ती ते हरवतं. १९८७ चा त्याचा पहिला व्हायोलिन कंचेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना, ऐका, वडिलांच्या आठवणीत लिहिलाय. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमरने व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर केलेलं रेकॉर्डिंग आहे. दुसऱ्या भागात बासची (खर्जातल्या सुरांची) ओळ खाली फिरत राहते आणि वर व्हायोलिन जवळजवळ बोलतं. सुरुवात तिथून करा, ऑपेरापासून नको.

कीर्तनप्रेमी_पेडणे
माझी हरकत वेगळी आहे. गीतेचे श्लोक इतके ताणून म्हणायचे की पाठ असलेल्या माणसालाही ओळखू येऊ नयेत, हे मला योग्य वाटत नाही. आमच्याकडे कीर्तनात एक ओवी घेतली तर बुवा अर्थ सोडत नाहीत, सूर अर्थाच्या मागून येतो. इथे रंगमंचावर वर्तमानपत्र छापतायत नाहीतर मोर्चा चाललाय आणि तोंडात श्लोक, प्रेक्षकाला ना संस्कृत कळतं ना संबंध. गीता म्हणजे नाद तयार करायची सामग्री नव्हे.

ढवळीचा_श्रोता
काका, तुमचा आदर ठेवून सांगतो, संबंध आहे आणि तो आपल्यालाच दिसू शकतो. ती शेवटची सुरावट चौथ्या अध्यायावर आहे, 'बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन' पासून 'संभवामि युगे युगे' पर्यंत. माझे आणि तुझे पुष्कळ जन्म होऊन गेले. हे गांधीजी गातात आणि अंकाचं नाव आहे किंग, मागे उंचावर मार्टिन ल्यूथर किंग उभा आहे. आफ्रिकेत सुरू झालेलं काम दुसऱ्या देशात दुसऱ्या माणसात पुन्हा जन्म घेतं. श्लोक काढला तर तो प्रवेशच उरत नाही. आणि तेच ते पुन्हा का, याचंही उत्तर मला 'युगे युगे' मध्येच मिळतं.

कीर्तनप्रेमी_पेडणे
हा अर्थ मी असा जोडला नव्हता, चांगला आहे. पण तो तुम्ही सांगितल्यावर कळला, गाण्यातून नाही. माझी हरकत तिथेच आहे.

म्हापशाचो_पियानो
भांडण चालू द्या, पण कोणी ऐकायला सुरू करणार असेल तर कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास गेला की ग्लासचं अर्धं संगीत जातं. १९८२ चं 'ग्लासवर्क्स' घ्या, सहा छोट्या रचना, त्याने कॅसेटसाठी खास वॉकमनवर ऐकायचं वेगळं मिक्सही काढलं होतं. पियानो आवडत असेल तर त्याचे वीस एट्यूड, म्हणजे सरावाच्या धर्तीच्या रचना. पहिले दहा ग्लासने स्वतः वाजवलेत ते जरा खडबडीत आहेत पण त्यात माणूस ऐकू येतो, पियानोवादक विकिंगुर ओलाफसनचं २०१७ चं रेकॉर्डिंग फार सफाईचं. मला ग्लासचंच जवळचं. आणि रविशंकरांबरोबरचं 'पॅसेजेस', १९९० चं, एकमेकांच्या धुनांवर दोघांनी रचना केल्यात, जयपूरवाल्या ताईंनी निदान तेवढं ऐकावंच.

जयपूरची_विद्यार्थिनी
'पॅसेजेस' ऐकलंय. रविशंकरांनी ग्लासची धून घेतली तिथे ती फुलली आणि ग्लासने त्यांची घेतली तिथे ती चाकावर चढली, असंच मला वाटलं, म्हणजे माझाच मुद्दा झाला. तो आधारस्वर बदलण्याचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. आमचा आधारस्वर धरणारा तानपुरा मनात बंद करून ऐकावं लागेल, आणि ते आम्हाला जड जातं. शेवटचा अंक ऐकते, अख्खा. पण भैरवी म्हणणार नाही त्याला.