प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून गेल्यावर नेमकं तपासायचं काय?

ट्रिगर_लेव्हल
नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्सला शिकवते, यंदा पहिल्यांदाच दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकल-ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक म्हणून जायची ऑर्डर आली. गेले तर इंटर्नल सरांनी पेन्सिलनं मार्क भरलेली शीटच पुढे ठेवली, म्हणे मॅडम पोरं चांगली आहेत, जेवणाच्या आत उरकू, तुमचं बिल पण भरून ठेवलंय. मी नाही म्हटलं, बॅच बसवली, सर्किट जोडून वेव्हफॉर्म दाखवा म्हटलं तर बऱ्याच जणांना स्कोपवर, म्हणजे वेव्हफॉर्म दाखवणाऱ्या यंत्रावर, ट्रिगर (वेव्हफॉर्म स्थिर करायची सेटिंग) कुठे लावतात तेच माहीत नाही, आणि जर्नल मात्र सगळ्यांची सर्टिफाइड, रीडिंगसुद्धा सारखीच. नंतर एक मुलगी हळूच म्हणाली की मॅडम चालू स्कोप दोनच आहेत, वर्षभर आम्ही लांबून बघितलंय. आता मला सांगा, यात पोरांचा काय दोष? मार्क कापले तर शिक्षा त्यांना, दिले तर मी खोटं लिहिलं. आणि लॅब बंद आहे हे लिहायला त्या शीटवर जागाच नाही, फक्त सीट नंबर, मार्क आणि सही. मग बाहेरचा माणूस बोलवायचा तरी कशाला?

जुना_परीक्षक
मॅडम, तुम्ही बॅच बसवलीत हे योग्यच केलंत. मी वर्षानुवर्षं हे काम केलंय म्हणून सांगतो, याचं मूळ फार मागे आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली ती लंडन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन डिग्री द्यायची विद्यापीठानं. मुंबईचे पहिले बीए १८६२ चे, रानडे आणि भांडारकर त्याच तुकडीतले. त्या व्यवस्थेत परीक्षक बाहेरचाच, पण त्यानं बघायचं पोराकडे, कॉलेज कसं शिकवतं ते विचारायची पद्धतच पडली नाही, आणि तेच आजवर चालत आलंय. लॅबची अवस्था मार्कांतून कळवायला जाऊ नका. पोरांना जे करायला मिळालं त्याच्यावर विचारा, थिअरी समजलीय का ते बघा, आणि लॅबचं वेगळं पत्र लिहा परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना, तारीख घालून, किती सेट चालू, किती बंद, एका सेटवर किती पोरं एवढंच, कुणाच्या नावानं तक्रार नको. पोच घ्या. उत्तर येईलच असं नाही, पण कागद राहतो. आणि पेन्सिलच्या शीटवर सही कधीच नाही, कोणी कितीही ओळखीचा असला तरी.

लीड्सकर
मी इंग्लंडमध्ये शिकवतो आणि इथल्या दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीचा एक्स्टर्नल आहे. इथे काम अगदी उलट आहे. मेडिकलसारखे काही कोर्स सोडले तर एक्स्टर्नल एकेका पोराला मार्क देतच नाही! पेपर सेट झाला की आधी माझ्याकडे येतो, मी शेरे लिहून परत पाठवतो, नंतर तपासलेल्या उत्तरपत्रिकांतल्या थोड्या माझ्याकडे येतात, वरच्या, मधल्या, काठावरच्या आणि नापास, त्यावरून मार्किंग सगळ्यांना सारखं झालंय का, इथली पातळी बाकीच्या युनिव्हर्सिट्यांच्या तोडीची आहे का ते बघायचं, मग एक्झाम बोर्डाला बसायचं आणि वर्षाअखेर रिपोर्ट लिहायचा. त्या रिपोर्टला डिपार्टमेंटला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि तो विद्यार्थ्यांनाही वाचायला मिळतो. पद्धत जुनीच, डरहॅम १८३२ ला निघाली तेव्हा आपली डिग्री कमी नाही हे पटवायला त्यांनी ऑक्सफर्डचे परीक्षक आणले होते. नेमणूक सहसा चार वर्षांची, आणि तू माझ्याकडे मी तुझ्याकडे अशी अदलाबदल चालत नाही. आपल्याकडे मला हीच गोष्ट सगळ्यात खटकते, दोन कॉलेजं एकमेकांचीच माणसं बोलावत राहतात, मग कोण कुणाला बोलणार?

सबमिशन_संपलं
विद्यार्थी म्हणून बोलतो. आमची भीती वेगळी असते, एक्स्टर्नल कडक निघाला तर आपलं वर्षभराचं काम त्या पाच मिनिटांच्या ओरलवर जातं, त्यामुळे सगळा ग्रुप आधी हेच विचारत असतो की कोण येतंय, कसा आहे. लीड्सकर सर म्हणतात तसा रिपोर्ट आम्हाला वाचायला मिळाला असता तर निदान कळलं असतं की बाहेरच्या माणसाला आमच्या कॉलेजात काय दिसलं. लॅबबद्दल आम्ही बोललो तर टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मार्क त्याच सरांच्या हातात असतात, म्हणून कोणी बोलत नाही. तुम्ही बोलू शकता मॅडम, तुमचे मार्क कोणाकडे नसतात.

अकोल्याचा_केमिस्ट
इंग्लंडची पद्धत चांगली आहे मान्य, पण तिकडेही सगळं आलबेल नाही हे सांगायला हवं. फर्स्ट क्लास डिग्री मिळवणारे २०१०-११ ला साधारण १६ टक्के होते ते २०२०-२१ ला ३७ टक्क्यांच्या वर गेले, आणि या सगळ्या काळात एक्स्टर्नल होतेच ना? शेवटी त्याला बोलावते तीच युनिव्हर्सिटी, मानधन पण तीच देते.

लीड्सकर
बरोबर आहे, आणि त्यावर इथे भरपूर वाद झालाय. त्यात कोविडच्या वर्षी नियम सैल केले होते हेही धरा. शिवाय कुठल्या सरासरीला फर्स्ट द्यायचा हा हिशेब युनिव्हर्सिटी स्वतः ठरवते, एक्स्टर्नल फार तर त्यावर शेरा मारू शकतो, थांबवू शकत नाही. म्हणून आकडे रोखायला त्याचा उपयोग कमी. पण पेपरातला चुकीचा प्रश्न, एकाच परीक्षकाची ढिलाई, बंद पडलेली लॅब, अशा गोष्टी त्याला दिसतात आणि त्या लिहून ठेवल्या जातात.

वॉर्ड_नंबर_सात
मी मेडिकल कॉलेजात आहे. आमच्याकडे एमबीबीएसला चार परीक्षकांतले निदान निम्मे बाहेरचे असावे लागतात. प्रत्यक्ष पेशंटवर केस घेतात, एक्स्टर्नल शेजारी उभा राहून बघतो की पोरगं पोट तपासताना हात कुठे ठेवतं, तिथे जर्नल कोणाची कॉपी केली ते उपयोगी पडत नाही. तरी लेखी अभिप्रायाच्या बाबतीत आम्हीही तिथेच, चहाच्या वेळी तोंडी सांगतात की तुमच्याकडे केसेस कमी आहेत, आणि ते तिथेच विरतं.

ट्रिगर_लेव्हल
सगळ्यांचे आभार, मनापासून. @जुना_परीक्षक सर, पत्र लिहायला घेतलंय, आकडे एवढेच ठेवलेत. फक्त भीती ही की पुढच्या वर्षी मला कोणी बोलावणार नाही.

जुना_परीक्षक
नाही बोलावलं तर नाही बोलावलं, ऑर्डर विद्यापीठाची असते, कॉलेजची नाही. आणि एक बघा, पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत संस्थेबाहेरचे निदान दोन परीक्षक लागतात, दोघांनी प्रबंध मान्य केला तरच व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, एकानं नाकारला तर तिसऱ्याकडे जातो. म्हणजे बाहेरच्या माणसानं आपलं मत लेखी द्यायचं ही सवय आपल्याच विद्यापीठात आहे, ती प्रॅक्टिकलपर्यंत खाली आली नाही एवढंच. तेव्हा तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ घाला, की प्रॅक्टिकलच्या मार्कलिस्टसोबत प्रयोगशाळेच्या स्थितीचा एक पानी फॉर्म जोडावा. त्याची प्रत अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनाही पाठवा, तिथे माझ्या ओळखीचे दोघेजण आहेत, त्यांना मी आजच फोन करतो.