जिप्सीला स्पेसर: अर्ध्या तासाचे काम की जिवाशी खेळ?

काळीमाती (वणी)
परवा या मंचावर एका सदस्याने लिहिले की स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवण्यासाठी हब आणि चाकाच्या मध्ये बसवायची धातूची जाड चकती, बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, गाडीतल्या व्हीलपान्याने नट आवळावेत आणि थेट रानात निघावे. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण त्या सल्ल्यावर विसंबून आपल्याकडचा एखादा पोरगा पांदणीतून डांबरी रस्त्यावर येईल आणि त्याचे चाक गाडीच्या पुढे धावताना त्याला दिसेल.

मी स्पेसरच्या विरोधात नाही. रुंद टायर घातल्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवले की ते पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना घासत होते, म्हणून माझ्या जिप्सीला गेली चार वर्षे २५ मिलिमीटरचे स्पेसर आहेत. मात्र ते बसवायला मला पूर्ण दिवस लागला. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, गंज तार-ब्रशने घासून धातू उघडा केला, कारण मध्ये गंज, रंग किंवा वाळलेली माती राहिली तर ती पुढे दबते आणि नट आपोआप सैल पडतो. मूळ स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे) स्पेसरच्या जाडीबाहेर डोकावत नाहीत ना, हे पट्टी लावून पाहिले. डोकावले तर रिम सपाट बसतच नाही आणि नट मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो. नट एक सोडून एक आवळले, आट्यांना तेल लावले नाही. ८० किलोमीटरनंतर चारही चाके पुन्हा काढून आतले नट, म्हणजे स्पेसर हबला धरणारे, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) तपासले, तेव्हा एका चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले. चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर बाहेरच्या नटांनी बसते आणि हे आतले नट चाकाखाली झाकलेले असतात, त्यामुळे अर्ध्या तासात काम उरकणाऱ्याला ते पुन्हा कधी दिसणारच नाहीत.

जुनीजीप (पुसद)
आपली काळजी मान्य, निष्कर्ष अमान्य. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवर आणि किंगपिनवर (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीवर) ताण वाढतो. रुंदी हवीच असेल तर योग्य ऑफसेटची, म्हणजे मुळातच तेवढी बाहेर बसणारी, रिम घ्यावी, हबला चकत्या जोडू नयेत. माझ्या भावाच्या जिप्सीचे मागचे डावे चाक दिग्रसच्या वाटेवर सुटले. स्पेसर हबवरच राहिला आणि चाक तेवढे गेले. समोरून कापसाची बैलगाडी येत होती. चाक बैलांपासून हातभर अंतरावरून पऱ्हाटीत शिरले. गाडीवान काकांचा चेहरा मी विसरू शकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

पानाफिटर (वरोरा)
कायद्याचे म्हणणे ठीक आहे, पण तो रुंद रिमलाही लागू होईल. बेअरिंगचे म्हणणे मात्र चूक आहे. टायर २५ मिलिमीटर बाहेर गेला, मग तो स्पेसरने गेला की रिमच्या ऑफसेटने, बेअरिंगवरचा ताण सारखाच. स्पेसरने एक जोड वाढतो, एवढाच खरा फरक.

आता तुमच्या भावाबद्दल. स्पेसर हबवर राहिला असेल तर आतले नट टिकले आणि बाहेरचे गेले. त्याने जुन्या जीपच्या रिमा आणि जीपचेच नट चढवले होते का? दोन्ही गाड्यांना पाच स्टड आणि स्टडच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणून त्या रिमा बसतात. पण जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा आणि इंचाला २० आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.२७ मिलिमीटर, जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटर आणि अंतर १.२५. अर्ध्या इंचाचा नट त्यावर सहज चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड केवळ टोकांना असते. हे हाताला कळते. मी वीस वर्षे हातानेच नट आवळतो आहे. टॉर्क रेंच नसेल तर काम अपुरे, असे कोणी सांगू नये.

जंगलवाट (मोहर्ली)
फिटरभाऊ, हाताला कळते हे मला मान्य नाही. जिप्सीच्याच घराण्यातल्या जिम्नीच्या चाकाच्या नटाला १०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २५ किलोचा जोर. आपल्याकडे पान्यावर उभे राहण्याची पद्धत आहे; ८० किलोचा माणूस उभा राहिला की ३०० च्या वर जातो. स्टड ताणला जातो आणि त्याची पकड कायमची जाते. चाक स्टडवर टांगलेले नसते. नटांच्या दाबाने रिम हबला चिकटते आणि त्या घर्षणावर ते चालते. दाब गेला की रिम सूतभर सरकते, स्टड दर फेऱ्याला वाकतो आणि एक दिवस थकून तुटतो.

मी सफारीची जिप्सी चालवतो. महामार्गावरच्या एका दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळले होते की पहाटे जंगलाच्या गेटबाहेर पंक्चर झाले तेव्हा पाना वाकला, नट हलला नाही. हे गेटच्या आत घडले असते तर? तेथे पर्यटकांना खाली उतरवता येत नाही.

पानाफिटर (वरोरा)
गन वापरणाऱ्याची चूक माझ्या पदरात टाकू नका. मी आयुष्यात पान्यावर उभा राहिलो नाही. गिऱ्हाईक चार हजारांचे टायर विनातक्रार घेते आणि नट पुन्हा तपासायला ये म्हटले की फिरकत नाही, पैसे तर दूरच. आमच्या हाताला नावे ठेवणाऱ्यांनी आमची मजुरीही विचारावी.

काळीमाती (वणी)
मजुरीची तक्रार रास्त आहे आणि ती मी मान्य करतो. पण फिटरभाऊ, माझेही ते दोन नट मी आधी हातानेच आवळले होते आणि हाताला ते घट्टच लागले होते. रेंच नसता तर मला कळलेच नसते.

पानाफिटर (वरोरा)
स्पेसरच्या आतल्या नटांपुरते मानतो. तेथे रेंच घ्यावा. बाकी ठिकाणी माझे मत कायम आहे.

जुनीजीप (पुसद)
काल भावाकडे गेलो. रिमा जुन्या जीपच्याच होत्या. उरलेल्या तीन चाकांचे पंधरा नट त्याने पोत्यात बांधून ठेवले होते. माझ्या जीपच्या अर्ध्या इंचाच्या स्टडवर एकेक चढवून पाहिला. १२ मिलिमीटरचा नट त्यावर चढूच शकत नाही. हे पंधराही बोटांनी फिरवत शेवटपर्यंत गेले, म्हणजे ते अर्ध्या इंचाचेच होते. चाक स्पेसरमुळे सुटले, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. स्पेसर मी तरीही लावणार नाही.

पानाफिटर (वरोरा)
भाऊ, ते नट त्याने कोणत्या दुकानातून घेतले ते आजच विचारा. त्याच डब्यातले नट आणखी कोणाच्या जिप्सीवर गेले असतील, तर ती गाडी या घटकेला रस्त्यावर आहे.