लोक वैतागेस्तोवर बोलतो तो लोक्वेशस : अनुभव धागा

‘यमाताराजभानसलगं’ म्हणत आपण गण पाठ केले, ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत इंद्रधनुष्याचे रंग. अवघड इंग्रजी शब्दांची पाळी आली की मात्र ही हुशारी कुठे दडी मारते कोण जाणे. वहीत दोन रकाने, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि घोका.

ज्यांनी ह्या घोकंपट्टीला बगल दिली त्यांच्यासाठी हा धागा. कुठला शब्द काही केल्या डोक्यात राहत नव्हता, आणि मग कुठल्या कोटीने, यमकाने, चित्राने किंवा ओढूनताणून केलेल्या विग्रहाने तो कायमचा बसला, ते लिहा. कोटी पाणचट असली तर उत्तमच. सुरुवात मी करतो.

मी जीआरई, म्हणजे परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा, दिली तेव्हा तिच्यात विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न असत. ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षेचं रूप पालटलं आणि ते गेले, पण माझ्या नशिबी ते होते. शब्द एकटा समोर उभा, मागेपुढे वाक्य नाही, अंदाज बांधायला जागा नाही. यादीतले बडबडे आणि अबोल शब्द माझ्या डोक्यात सारखी अदलाबदल करायचे. शेवटी वैतागून लोक्वेशस हा शब्द अस्सल मराठी वळणाने फोडून वाचला. लोक-वे-शस. लोक वैतागेस्तोवर बोलणारा! त्याचाच भाऊ गॅरुलस, म्हणजे फालतू गोष्टींचं चऱ्हाट वळणारा. हा गाऱ्हाणी सांगत सुटतो, म्हणून गाऱ्हाण्युलस. ह्या दोघांच्या मध्ये बसलाय बिचारा टॅसिटर्न, अबोल. त्याची बोलायची टर्न येतच नाही. तिघांना असं एका बाकावर बसवलं आणि गोंधळ मिटला.

पार्सिमोनियस, म्हणजे कंजूष, हा मात्र माझा सर्वांत लाडका. पर्स मौन.

---

‘पर्स मौन’ला दंडवत! आम्ही दोघी मैत्रिणी एकत्र अभ्यास करायचो आणि आमचा नियम असा की एकीची कोटी ऐकून दुसरीने कपाळाला हात लावला तरच ती वहीत चढवायची. आमच्या वहीतले काही मासले :

इमेशिएटेड, हाडांचा सापळा झालेला. मांस-आटेड.

इनंडेट, पाण्याखाली बुडवणे. पावसाने पाणी इतकं ‘आणून देट’लं की घरदार बुडालं.

एग्झॅसरबेट, आधीच असलेलं दुखणं वाढवणे. एग्झाम, सर, बेत. सरांनी परीक्षेचा बेत जाहीर केला की साधी पोटदुखीसुद्धा बळावते.

आणि ह्याच्या बरोब्बर उलट अमीलियरेट, सुधारणे. त्याचं स्पेलिंग जसं दिसतं तसं वाचा : अ-मेलिओ-रेट. अ म्हणजे नाही. अ-मेलो-रे. मेलो नाही रे, बरा होतोय!

फसलेलीही एक सांगते, कारण ती कशी फसली ते महत्त्वाचं आहे. व्हॅसिलेट म्हणजे द्विधा मनःस्थितीत हेलकावे खाणे. आम्ही केलं ‘बसी-लेट’ : ह्या बसने जाऊ की त्या बसने, असं करता करता लेट. ऐकायला झकास. पण शब्द समोर आला की आठवायचा तो उशीर, हेलकावा नाही. ज्या कोटीत अर्थ मधल्या गोष्टीत लपलेला असतो आणि शेवटचा ठोका भलत्याच शब्दावर पडतो, ती दगा देते. ‘पर्स मौन’मध्ये गोष्टच नाही, थेट अर्थ आहे, म्हणून ती चालते.

---

मला कोट्या सुचत नाहीत. पण शाळेत संस्कृत होतं, आणि त्याने जे काम केलं ते कुठल्याच यादीने केलं नसतं.

१७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं मांडलं, हे इतिहासात शिकलो होतो. त्याचा शब्दसंग्रहाशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. लेव्हिटी, म्हणजे नको तिथे दाखवलेला हलकेपणा, हा शब्द कोशात पाहिला आणि त्याच्या व्युत्पत्तीत लॅटिन लेव्हिस दिसलं. त्याच्या शेजारी संस्कृत लघु. मग अलीव्हिएट कशाला पाठ करायचं? दुःख लघु करणे. आणि लघु सापडल्यावर गुरु किती लांब असणार? लॅटिन ग्रॅव्हिस आणि आपला गुरु एकाच कुळातले. ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्व, हे आपण मराठीत रोज म्हणतोच. ॲग्रव्हेट म्हणजे प्रकरण आणखी गुरु करणे. धागाकर्त्यांनी सुरुवातीला यमाताराजभानसलगं लिहिलंय, त्यातले शेवटचे ल आणि ग, लघु आणि गुरु, असे सातासमुद्रापार जाऊन बसलेत.

मग नादच लागला. जेन्युफ्लेक्ट, गुडघा टेकणे : त्यातला जेन्यु म्हणजे जानु, आजानुबाहूतला. व्होसिफरस, ओरडून बोलणारा : त्यात वाचा आहे. सोम्नोलंट, पेंगुळलेला : लॅटिन सोम्नस आणि आपलं स्वप्न सख्खे. क्रेड्युलस, कशावरही विश्वास ठेवणारा : क्रेड आणि श्रद्धेतलं श्रद् एकच. सब्जुगेट तर असा सापडला की मी खुर्चीतून उठलो. सब म्हणजे खाली, जुगम म्हणजे जू. बैलाच्या मानेवरचं तेच जू, संस्कृत युगवरून आलेलं. जुवाखाली आणणे! लॅटिन माणसाने शब्द घडवला आणि तो मराठीत अक्षरशः तसाच उलगडतो.

तोटा एकच, कोश उघडला की अभ्यास बाजूला राहतो.

---

वरचा अनुभव वाचून कुणी सेंट आणि संत एकत्र बांधायच्या आत सांगून टाकतो, ते नातेवाईक नाहीत. सेंट येतो लॅटिन सँक्टसवरून, संत सत्-वरून. दिसायला जुळे, घराणी वेगळी. लक्षात ठेवण्यापुरते बांधायला माझी हरकत नाही, फक्त नंतर निबंधात व्युत्पत्ती म्हणून लिहू नका.

---

मी भाषांतराचं काम करते, आणि मला ह्या सगळ्या युक्त्यांपेक्षा भीती वाटते ती न सुचवता सुचणाऱ्या युक्त्यांची. काही शब्द स्वतःच खोटी खूण घालून बसलेले असतात. एनर्व्हेट पाहिला की मनात एनर्जी येते, अर्थ आहे शक्तिपात करणे. नॉइसमला आवाजाशी काही देणंघेणं नाही, तो घाणेरड्या वासाचा. रेस्टिव्ह माणूस विश्रांती घेत नसतो, उलट तो चुळबुळत असतो, आवरता आवरत नाही. डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला असं सर्रास वापरलं जातं, पण न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा लागतो, निःपक्षपाती ह्या अर्थाने. पल्क्रिट्यूडचं तर काय सांगावं. उच्चाराला एखादा त्वचारोग वाटतो, अर्थ सौंदर्य.

अशा शब्दांना मी कोटी करत नाही, चोर म्हणून वेगळ्या पानावर डांबते. ‘हा दिसतो त्याच्या उलट आहे’ एवढीच खूण. आजवर पुरली आहे.

---

माझा अनुभव स्पेलिंगचा, मुलाला शिकवताना आलेला. अर्थासाठी कोटी लागते, स्पेलिंगला नुसती फोड पुरते. ॲसॅसिनेशन आम्ही सगळ्यांनीच तसं पाठ केलंय : एक गाढव, दुसरं गाढव, मग आय, मग नेशन. लेफ्टनंट : लाय, यू, टेन, अँट. खोटं, तू, दहा, मुंग्या! वेन्सडेला घरात अजून ‘वेड-नेस-डे’च म्हणतो. सेपरेटच्या पोटात ‘ए रॅट’, उंदीर. नेसेसरीला शर्टाचा हिशोब, एक कॉलर, दोन स्लीव्ह्ज : एक सी, दोन एस.

गंमत अशी की मुलाला माझ्या फोडी फारशा लागू पडत नाहीत. त्याच्या त्यालाच केलेल्या लागतात, आणि त्या मला अजिबात कळत नाहीत. ऱ्हिदमसाठी त्याने केलेली खूण मी विचारली तर म्हणाला, ‘बाबा, ती सांगितली की जाते.’ मी पुन्हा विचारलं नाही.

---

आमच्या वैद्यकीय शिक्षणात हे सोडून दुसरं होतंच काय! पण इथे चुकीला किंमत असते, म्हणून खूण एका अक्षराची आणि पक्की हवी. डिसफेजिया आणि डिसफेझिया. स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा, पहिल्यात जी, दुसऱ्यात एस. इंग्रजी पुस्तकं सांगतात जी म्हणजे गल्प आणि एस म्हणजे स्पीच. मी मराठीत केलं : ग गिळण्याचा, स सांगण्याचा. पहिल्यात गिळताना त्रास, दुसऱ्यात बोलण्या-समजण्यात. तसंच इलियम आणि इलियम! उच्चार एक, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग ई अक्षराने लिहायचा, ईटिंगचा ई, आणि कमरेच्या हाडाला दोनदा आय. मज्जातंतूंत ॲफरंट आत येतात, ए अराइव्हचा. एफरंट बाहेर जातात, ई एक्झिटचा.

आणि डायरिया. ब्रिटिश स्पेलिंग ज्याला एका दमात येतं त्याला मी मानतो. आम्हाला सीनियरने दिलेलं वाक्य : डॅश इन अ रियल रश, हरी ऑर एल्स ॲक्सिडेंट. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या. अर्थ, स्पेलिंग आणि रुग्णाची अवस्था, तिन्ही एकाच वाक्यात.

---

तुम्ही सगळे जे करताय त्याला शास्त्रात कीवर्ड मेथड म्हणतात. स्टॅनफर्डमध्ये ॲटकिन्सन आणि रॉ ह्या दोघांनी १९७५ मध्ये त्यावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द शिकवले. एका गटाला प्रत्येक शब्दासारखा ऐकू येणारा इंग्रजी शब्द दिला आणि त्याचं व अर्थाचं मिळून मनात चित्र करायला सांगितलं, दुसऱ्या गटाला आपापल्या पद्धतीने पाठ करू दिलं. शेवटच्या चाचणीत पहिल्या गटाला ७२ टक्के शब्द आले, दुसऱ्याला ४६. म्हणजे ‘मांस-आटेड’ला भक्कम पूर्वज आहेत.

पण माझा स्वतःचा अनुभव दोन बाबतींत कडू. एक म्हणजे कोटी एकेरी रस्ता आहे. शब्द वाचला की अर्थ येतो, पण बोलताना अर्थ मनात असतो आणि शब्द येत नाही. ‘कंजूष’ म्हणायचं असताना ‘पर्स मौन’ कोण आठवतं? त्यासाठी मी उलट बाजूनेही कार्डं केली, मराठी अर्थ वर, इंग्रजी शब्द मागे. दुसरं, कोटीही विसरते. झेबास्टियन लाइटनर ह्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये कार्डांच्या डब्याची पद्धत मांडली : आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, जो कमी वेळा उघडायचा, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. आजची बरीच ॲप त्याच कल्पनेवर चालतात. कोटी आणि डबा, दोन्ही मिळून माझं जमलं. नुसती कोटी असलेले शब्द परीक्षेनंतर ओळखही देईनात.

---

कोट्यांपेक्षा मला किस्से लक्षात राहतात. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढरीफटक केलेली वस्त्रं घालून फिरायचा. पांढरा म्हणजे कँडिडस, म्हणून तो कँडिडेट, आणि आडपडदा न ठेवता बोलणारा कँडिड. एका शब्दाबरोबर दुसरा फुकट. पांढऱ्या कपड्यांतल्या उमेदवाराला मनमोकळ्या माणसाचा चुलतभाऊ मानायला जरा जड जातं, ते सोडा. व्हेंट्रिलोक्विस्ट म्हणजे पोटातून बोलणारा, आणि त्यातला लोक्वि तोच, वर बाकावर बसलेल्या लोक्वेशसमधला.

---

आजीकडून मिळालेला एकच देतो. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी लुगूब्रियस, लुगूब्रियस असं घोकत होतो, रडका, शोकाकुल. ती म्हणाली, ‘लुगड्याचा पदर डोळ्याला लावला असेल.’

---

जमलेल्यांनी मदत करा. ऑब्सिक्वियस, लाळघोट्या. सीक्वेल, सीक्वेन्सवाला मागे मागे जाण्याचा धातू आहे हे कळलं, पण वेळेवर तो आठवत नाही. स्वस्तातलं काहीतरी हवंय.

---

साहेब खोलीत शिरले की खुर्ची पुसत पुढे करणारा कोण असतो? ‘ओ बसा की, ओ बसा की!’ ओ-बसा-की-यस.

---

यसने तर कमालच केली. बसा की, यस सर! वहीत चढवलं.