मदत हवी आहे: घाटात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो आणि तापला की दुसऱ्या-तिसऱ्याला स्लिप होतो

नमस्कार मंडळी,

थोडं लांबणार आहे पण सगळं एकदाच लिहिते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

गाडी २००९ ची सेडान, २.४ लिटर पेट्रोल, ५ स्पीड ऑटोमॅटिक, जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते तो). सीव्हीटी नाही, एएमटी पण नाही. १ लाख ३८ हजार किमी झालेत. सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मीच चालवते. पुढच्या सीटवर त्यांना पाय लांब करून बसता येतं, दुसऱ्या गाडीत तासाभरात पाय आखडतो, म्हणून चिपळूणला घरी जायचं तर हीच गाडी लागते.

मे महिन्यात चिपळूणहून पुण्याला परत येताना कुंभार्ली घाट चढत होतो. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, आणि पुढे एक लोड असलेला ट्रक, त्याला ओव्हरटेक करायला जागाच नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा घाट १०-१५ च्या स्पीडने. गाडीच्या कॉम्प्युटरला मी डोंगल लावलेला असतो, मोबाईलवर गिअरबॉक्स ऑइलचं टेंपरेचर दिसतं. एरवी हायवेला ८८-९२ असतं ते बघता बघता ११८ झालं आणि डॅशबोर्डवर डी चा दिवा लुकलुकायला लागला. वर पोचल्यावर सपाटीला दुसऱ्यातून तिसरा पडताना रेस एकदम वर, २००० चे ३२०० आरपीएम, गाडी मात्र तिथेच, आणि मग धप्पकन झटका बसून गिअर पडला. सासूबाई मागे घाबरल्याच. कोयनानगरला अर्धा तास थांबलो, तेव्हा कुठे ९५ वर आलं आणि घरापर्यंत नीट आली.

तेव्हापासून असं आहे की सकाळी थंड गाडी अगदी मख्खन चालते, पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलं आणि १०० च्या वर गेलं की परत तेच, आणि फक्त २ ते ३ लाच, बाकी गिअर ठीक.

तीन गॅरेजना दाखवली. पहिला म्हणाला गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल, १ लाख १० हजार. दुसरा म्हणाला मशीनने प्रेशर फ्लश मारू, म्हणजे दाबाने सगळं ऑइल बदलू. तिसरा म्हणाला ऑइलला अजिबात हात लावू नका, जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो. बिलं शोधली तर ऑइल एकदाच, ६२ हजारला बदललेलं दिसतं. आत्ता पट्टीवर तपकिरी आहे, किंचित जळका वास येतो, पण काळं नाही.

मला खरं विचारायचंय ते हे, की गिअरबॉक्स तापतो म्हणून स्लिप होतोय, का आत स्लिप होतोय म्हणून तापतोय? पहिलं असेल तर ऑइल आणि कूलिंगचं बघते, दुसरं असेल तर ओव्हरहॉलचे पैसे जमवायला लागते. गणपतीला दोन महिने आहेत. जाणकारांनी प्लीज सांगा. मॉडेल ज्यांना हवंय त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सांगलीचा_फिटर:

ताई, माहिती व्यवस्थित दिलीत त्यामुळे सांगायला सोपं जातंय. थंड असताना अजिबात स्लिप होत नाही ही सगळ्यात चांगली खूण. गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेटा पूर्ण जळल्या असत्या तर थंडीत पण रेस सुटली असती. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर वाटून देणारा भाग) किंवा सील थोडे झिजलेले असले की पातळ ऑइल तिथून निसटतं, प्लेटांना दाबायला प्रेशर कमी पडतं. मग त्या घसरतात आणि घसरल्या की अजून गरमी. म्हणजे तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं खरी आहेत, हे चक्र आहे, आणि ते तोडायला गरमीकडून सुरुवात करणं स्वस्त पडतं.

घाटात का तापला ते पण समजून घ्या. १०-१५ च्या स्पीडला कन्व्हर्टर लॉक होत नाही (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत), आतल्या आत ऑइल घुसळलं जातं आणि इंजिनची बरीच ताकद नुसती गरमीत जाते. अशा वेळी डी मध्ये ठेवू नका, २ वर टाका. आरपीएम थोडे वर राहतात, गिअरबॉक्सचा पंप जास्त ऑइल फिरवतो आणि २-३-२ असा गोंधळ पण होत नाही. चढावर ट्रकच्या मागे थांबलात तर एक्सलेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा.

सगळ्यात आधी ऑइल लेव्हल बघा. बहुतेक गाड्यांत गरम गिअरबॉक्सवर, इंजिन चालू, पी मध्ये ठेवून बघतात, पण काहींत इंजिन बंद करून, म्हणून मॅन्युअल वाचा. कमी असेल तर स्लिप होणारच, आणि जास्त भरलेलं असेल तर फेस होतो, त्यानेही प्रेशर जातं.

प्रेशर फ्लश करू नका. ऑइलला हात लावू नका म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. साधा प्लग खोलून जेवढं पडेल तेवढंच काढून तेवढंच भरा, अडीचशे-तीनशे किमी चालवा, परत तेच, असं तीन वेळा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. पॅन (गिअरबॉक्सखालचा ऑइलचा ट्रे) उघडणार असाल तर आतला मॅग्नेट बघा. राखाडी चिखलासारखा थर असतोच, घाबरू नका. चकचकीत तुकडे दिसले तर मात्र थांबा.

मस्कतकर:

इथे ४५ डिग्रीत १६ वर्षं जुनी ऑटोमॅटिक चालवतोय म्हणून लिहितो. रेडिएटरकडे कोणी बघितलं का? गिअरबॉक्सचं ऑइल बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीतल्या छोट्या कूलरमधून फिरतं. रेडिएटर नीट गार होत नसेल तर गिअरबॉक्स पण होणार नाही, इंजिनचा काटा मध्यावर दिसत असला तरी. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांची माती, किडे, पानं अडकतात, ती पुढून दिसतच नाहीत. फॅनचे दोन्ही स्पीड चालतात का ते बघा.

आणि एक महत्त्वाचं, त्या टाकीतला कूलर आतून फुटला तर पाणी ऑइलमध्ये जातं आणि ऑइल गुलाबी दुधासारखं होतं. तसं कधी दिसलं तर गाडी एक किलोमीटर पण चालवू नका, प्लेटांवरचं अस्तर सुटून येतं.

माझ्या गाडीला मी वेगळा ऑइल कूलर लावलाय, कंडेन्सरच्या पुढे, रेडिएटरमधून बाहेर आलेलं ऑइल त्यातून जाऊन मग गिअरबॉक्सला परत. माझं ऑइल १२ डिग्री खाली आलं. पण तुम्ही आधी आहे ते नीट करा.

तापला तर लगेच इंजिन बंद करू नका. बाजूला घ्या, एसी बंद, पी मध्ये टाकून इंजिन चालू ठेवा, कारण पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे ऑइल फिरणं बंद. ११० च्या पुढे ऑइलचं आयुष्य झपाट्याने घटतं. तुम्ही ११८ ला पोचलात, म्हणून ते ऑइल आता बदलाच.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार, जे जे सांगितलंत ते केलं, म्हणून अपडेट देते.

फॅनचा कमी स्पीड बंदच होता! रेझिस्टर जळलेला. किती वर्षं तशीच चालवली कोण जाणे, इंजिनचा काटा कधी हललाच नाही म्हणून शंकाच आली नाही. रेडिएटर उतरवला तर मधल्या फटीतून अक्षरशः ओंजळभर माती आणि सुकलेला पाला निघाला. ऑइल तीन वेळा काढलं-भरलं, दर वेळी ३.२ लिटर. एकूण साडेसात लिटर मावतं, म्हणजे आता साधारण ८० टक्के नवीन झालं. पहिल्यांदा पडलं ते चहाच्या रंगाचं होतं, तिसऱ्यांदा बऱ्यापैकी लाल. पॅनमध्ये तुकडे नव्हते, नुसता राखाडी थर. तो स्वतः डोळ्यांनी बघितला तेव्हा जिवात जीव आला.

रविवारी मुद्दाम वाई-पाचगणी पसरणी घाट चढवला, २ वर टाकून, एसी चालू. जास्तीत जास्त १०३. दिवा नाही. सपाटीला ७० च्या स्पीडला मागे कोणी नसताना एक्सलेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक हलका टेकवला तर आरपीएम ३०० ने वर गेले, म्हणजे ब्रेक टेकवेपर्यंत लॉकअप (कन्व्हर्टरचं लॉक होणं) पकडतोय ना?

पण १०० च्या वर गेल्यावर २-३ ची रेस अजून सुटते. आधी ३२०० ला जायची, आता २३०० पर्यंत, आणि झटका कमी.

सांगलीचा_फिटर:

हो ताई, लॉकअप पकडतोय. आता उरलं ते प्रेशरचं आहे असं माझं मत, सोलेनॉइड (ऑइलचा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) नाहीतर व्हॉल्व्ह बॉडी. दोन्ही कामं बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता पॅन खोलून होतात, ओव्हरहॉलपेक्षा कितीतरी कमी खर्चात. पण अंदाजाने पार्ट बदलू नका. गिअरबॉक्सला टेस्ट पोर्ट असतो, तिथे गेज लावून लाइन प्रेशर (ऑइलचं मुख्य प्रेशर) थंड असताना एकदा आणि १०० डिग्रीला एकदा मोजा. गरम झाल्यावर प्रेशर पडलं तर माझं म्हणणं खरं. प्रेशर बरोबर असूनही स्लिप झाली तर तिसऱ्याच्या प्लेटा गेल्यात, मग मात्र उतरवावा लागेल. ऑइल बदलल्यावर कॉम्प्युटरची शिफ्टची सेटिंग रीसेट करून घेतली का? नसेल तर ती आधी.

धागाकर्ती:

रीसेट नाही केलं, उद्याच करते. गेजचं विचारलं तर इथल्या दोन गॅरेजवाल्यांनी असं काही मोजत नाहीत म्हणून सांगितलं. पुण्यात, हडपसर किंवा भोसरी कुठेही चालेल, गेज लावून प्रेशर मोजून देणारा कोणी माहितीत आहे का? कामाच्या दिवशी सुट्टी काढून येईन, आणि मोजताना शेजारी उभं राहू देणारा असेल तर फारच बरं.