श्रेयांक विद्यापीठाचे, मग गावाच्या हाती काय?

खडूफळा (धागाकर्ता):
नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. गावाशी नाते जोडण्याचा हा काही पहिला प्रयत्न नव्हे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली आणि तिचे दत्तक गावातले सात दिवसांचे शिबिर आपल्या परिचयाचे आहे. माझा आक्षेप हेतूला नसून वेळापत्रकाला आहे. शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, त्या वेळी विहिरींना पाणी असते. टंचाई एप्रिल-मेमध्ये जाणवते, तेव्हा महाविद्यालये परीक्षांत बुडालेली असतात. म्हणजे पाण्याची पाहणी होते ती पाणी असतानाच, आणि तिचा अहवाल मूल्यांकन समितीला दाखवायच्या फायलीत जाऊन बसतो. वर्षभरात कोणता प्रश्न अभ्यासायचा हे ग्रामसभेने ठरवावे, अहवाल मराठीत तिच्यासमोर वाचला जावा आणि तिची पसंती आल्यावरच श्रेयांक द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

उंबरठा:
या सूचनेतला शेवटचा भाग मला धोक्याचा वाटतो. मी ग्रामीण महाविद्यालयात शिकवतो. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा आपणही पाहिल्या असतील. अशा ठिकाणी ‘गावाचा प्रश्न’ म्हणजे प्रत्यक्षात सत्तेवर असलेल्या गटाचा प्रश्न ठरतो. एखाद्या विद्यार्थिनीने नळयोजनेचे पाणी एका वस्तीपर्यंत कधीच पोहोचत नाही, असे अहवालात खरे खरे लिहिले, तर तिचे श्रेयांक ज्यांच्या हाती आहेत तेच लोक त्या पाण्याचे वाटपही करत असतील. विद्यापीठाने गावाचे ऐकावे, परंतु सत्य सांगण्याचे आपले स्वातंत्र्य गहाण टाकून नव्हे.

पाणवठा:
मी ग्रामपंचायत सदस्य आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्याकडे वेगवेगळ्या महाविद्यालयांची मुले येतात आणि तोच तक्ता भरून नेतात: घरात माणसे किती, शौचालय आहे का, शिधापत्रिका कोणत्या रंगाची. त्यासाठी बायका हातातले काम टाकून ओट्यावर बसतात, आणि पुढे त्या माहितीचे काय झाले हे कोणी कळवत नाही. प्रश्न आम्हीच ठरवावा असा माझा हट्ट नाही. आधीच्या तुकडीचा अहवाल ग्रामपंचायतीत असावा आणि नव्या तुकडीने तो वाचून मगच घरोघरी जावे, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. त्याच महिन्यांत विद्यार्थ्यांनी आमच्या विहिरींच्या कठड्यावर रंगाची खूण करावी, तिथून टेप सोडून पाणी किती मीटरवर आहे ते वहीत लिहावे, आणि वही गावातच ठेवावी. पाच वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर उन्हाळी पीक घ्यायचे की नाही आणि टँकरची मागणी कधी करायची, यावर आम्हाला अंदाजाने भांडावे लागणार नाही.

खडूफळा:
उंबरठा यांनी दाखवलेला धोका खरा आहे, म्हणून गुणदान प्राध्यापकांकडेच राहावे हे मान्य. जाहीर वाचनाचा आग्रह मात्र मी सोडणार नाही, कारण उपेक्षित वस्तीचे दुखणे फायलीत दडपणे सोपे असते, भर सभेत अवघड. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात. त्यांपैकी १ मे रोजीची सभा टंचाईच्या ऐन दिवसांत येते. वेळापत्रक बदलता येत नाही असे कोणी म्हणेल, तर तेही मला पटत नाही. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रपर्यायांचे केंद्र १९८५ पासून आहे आणि तिथल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचा गावातला मुक्काम अंतर्भूत आहे. जिल्ह्यांचे विकासप्रश्न स्थानिक शिक्षणसंस्थांनी अभ्यासावेत म्हणून २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियानही सुरू झाले.

उंबरठा:
आयआयटीची साधने आणि मनुष्यबळ आमच्याकडे नाही; परीक्षांच्या ड्युट्या, रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक यांतून आम्हाला वाट काढायची असते. तरीही पाणवठा यांची वही आम्हाला जमण्यासारखी आहे, कारण आमचे बहुतेक विद्यार्थी आसपासच्या गावांतूनच एसटीने येतात. मे महिन्यात ते घरीच असतात, त्यामुळे मोजणीसाठी त्यांना कुठे पाठवावे लागणार नाही.

पाणवठा:
मुले आपल्याच गावाची असली, तर भावकीच्या विहिरीबद्दल लिहिताना त्यांचाही हात आखडेल. म्हणून प्रत्येक वहीसाठी दोघांची जोडी नेमावी, एक गावातला आणि एक शेजारच्या गावाचा, आणि प्रत्येक नोंदीखाली दोघांचीही सही घ्यावी. वही ठेवायला ग्रामपंचायतीतले कपाट देण्याचा ठराव मी पुढच्या मासिक सभेत मांडते.