मॉरोविंड: बावीस वार, लागला एकच. मदत हवी आहे

उडाणटप्पू (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारतो, कारण डोकं फिरलंय.

सेलमध्ये मॉरोविंड हा जुना कॉम्प्युटर गेम स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. याच मालिकेतला नंतरचा स्कायरिम दोनदा संपवलाय, तेव्हा अगदीच नवखा नाही मी. सेयडा नीन गावाबाहेर पाण्याकाठी एक खेकडा फिरतो. त्याला बावीस वार केले, मोजून. तलवार डोळ्यांदेखत पाठीतून आरपार जाते आणि नुसता 'सूं' आवाज येतो. लागला एकच. मग त्याने मला मारलं. खेकड्याने!

१. हा बग आहे का? पॅच कुठला टाकायचा?
२. झोपून उठलो तरी मॅजिका (मंत्र टाकायची ताकद) भरत नाही. हाही बग?
३. बाल्मोरात कुणा कायस कोसाडेसला पाकीट द्यायचंय. नकाशावर खूणच नाही. मार्कर कुठून चालू करतात?

बाकी सगळं बरोबर केलंय. लवकर सांगा, उद्या रविवार आहे आणि घरचे गावाला गेलेत.

ड्रॅगनभाई (११:४८)

२०११चा स्कायरिम हाताशी असताना २००२चा गेम कशाला उकरून काढायचा? परत स्कायरिम लाव, मॉड टाक, मजा कर.

चिंगी_८८ (११:५५)

ड्रॅगनभाई, त्याने काय विचारलंय आणि तुम्ही काय सांगताय!

उडाणटप्पू, बग नाहीये. पण आधी सांग: वंश कोणता, क्लास कोणता, रास कोणती, आणि हातात शस्त्र कोणतं?

उडाणटप्पू (११:५७)

रास? पत्रिका बघणार का ताई? 😀
हाय एल्फ, स्पेलसोर्ड. शस्त्र म्हणजे तलवारच, सुरुवातीला मिळते ती.

गणितमास्तर (रविवार, रात्री १२:१०)

सुरुवातीला तलवार मिळत नाही. जनगणनेच्या कचेरीत टेबलावर लोखंडी खंजीर असतो, तो उचलला असणार तुम्ही.

स्पेलसोर्डच्या मेजर कौशल्यांत लाँग ब्लेड आहे, शॉर्ट ब्लेड नाही. खंजीर शॉर्ट ब्लेडमध्ये येतो. मेजर कौशल्य ३० पासून सुरू होतं, मायनर १५ पासून, उरलेली सगळी ५ पासून. म्हणजे तुमचं खंजीर चालवण्याचं ज्ञान आहे पाच.

आता वार लागण्याच्या शक्यतेचा हिशोब. कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. ५ + ८ + ४ = १७. याला दमाने गुणायचं. दम पूर्ण असेल तर सव्वापट, शून्य असेल तर पाऊणपट. दम काय होता?

उडाणटप्पू (१२:१२)

दम म्हणजे?

गणितमास्तर (१२:१३)

खाली डावीकडे तीन पट्ट्या दिसतात. लाल जीव, निळी मॅजिका, हिरवी दम. हिरवी किती होती?

उडाणटप्पू (१२:१६)

हिरवी कायम रिकामीच असते. ती कशाची ते बघितलंच नाही. मी तर सगळीकडे पळतच जातो, चालतंय कोण?

गणितमास्तर (१२:२१)

मग सतराचे पाऊणपट, जेमतेम तेरा टक्के. त्यातून खेकड्याची चुकवण्याची शक्यता वजा. बावीस वारांत एक लागला यात नवल ते काय! गेम फासे टाकतो, फक्त ते तुम्हाला दिसत नाहीत. तलवार अंगाला टेकलेली दिसली म्हणजे लागली, हे स्कायरिममध्ये. इथे चित्र वेगळं आणि हिशोब वेगळा.

चिंगी_८८ (१२:२५)

मास्तरांचं बरोबर आहे, फक्त ते झोपायच्या वेळी गणित घालतात. सोप्यात सांगते: लांब पात्याची तलवार घे. आरिलच्या दुकानात बघ, तोही हाय एल्फच आहे, जरा बरा भाव देईल. भांडणाला जाताना पळत जाऊ नकोस. हिरवी पट्टी भरू दे, मग वार कर. निम्मे तरी लागतील. आणि माउसला नुसती टिचकी नको, बटण दाबून धर आणि मग सोड.

गणितमास्तर (१२:२८)

दाबून धरल्याने इजा जास्त होते, वार लागण्याची शक्यता वाढत नाही. हा गैरसमज वीस वर्षं चालू आहे.

चिंगी_८८ (१२:३०)

वाढते असं मी म्हटलंच नाही! लागलेल्या वाराचं काहीतरी चीज व्हावं म्हणून सांगितलं. वाचा तरी नीट.

लिनक्सनाथ (१२:४४)

धागाकर्त्याने ओपनएमडब्ल्यू वापरावं. नव्याने लिहिलेलं मुक्त इंजिन आहे, लिनक्सवर उत्तम चालतं, मूळ गेमच्या फायली फक्त दाखवून द्यायच्या. लांबवरचे डोंगर दिसतात, धुकं हटतं. माझ्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालतंय. इन्स्टॉल कसं करायचं ते उद्या सविस्तर लिहितो.

उडाणटप्पू (१२:४६)

नाथसाहेब, माझ्याकडे विंडोज आहे आणि गेम चालतोय. खेकडा मरत नाहीये.

कालवण (१२:५२)

खेकड्याला समोरून भिडायचंच नसतं रे बाबा. मागून, दोन नांग्यांच्या आवाक्याबाहेर पकडायचा. आणि आज काय तिथी आहे ते बघ, अमावस्येच्या आसपासची कुर्लीच भरलेली असते. पुनवेची पोकळ, उगाच मेहनत.

वाचनमात्र (१:०५)

कुर्ली नाही, चिंबोरी.

कालवण (१:०६)

तुमच्याकडे चिंबोरी. आमच्या मालवणात कुर्लीच. 🦀

चिंगी_८८ (सकाळी ८:३०)

अवांतर पुरे. उडाणटप्पू, दुसरा प्रश्न राहिला. झोपलास कुठे? गावात उघड्यावर झोपायला परवानगी नाही, तिथे नुसता वेळ पुढे जातो. आणि रास अजून सांगितली नाहीस. खरंच विचारतेय.

उडाणटप्पू (९:१५)

गावाबाहेर झोपलो, मोठ्या अळंबीच्या झाडाखाली. (काय झाडं आहेत राव! पहिली दहा मिनिटं मी नुसता वर बघत फिरलो. आणि तो घराएवढा किडा, त्याच्या पाठीत खड्डा करून माणसं बसवतात, एसटी स्टँडच जणू. त्याचं ओरडणं ऐकून दोनदा मागे वळून पाहिलं.)

रास ॲट्रोनॅक घेतली. मॅजिका सगळ्यात जास्त त्यातच मिळते असं लिहिलं होतं.

चिंगी_८८ (९:२०)

अरे देवा. आणि त्याखाली आणखी काय लिहिलं होतं ते?

गणितमास्तर (९:२४)

ॲट्रोनॅक म्हणजे मोठा हंडा, पण नळ बंद. झोपून मॅजिका भरतच नाही, कधीच नाही. त्या बदल्यात तुमच्यावर टाकलेला मंत्र निम्म्या वेळा गिळला जातो आणि त्यातून हंडा भरतो. शिवाय औषधाच्या बाटल्या असतात. जाणकार लोक पूर्वजाचं भूत बोलावतात, त्याला स्वतःच चिडवतात आणि त्याचे मंत्र अंगावर घेतात. माझ्या मते गेममधली सर्वोत्तम रास.

चिंगी_८८ (९:३१)

नवख्याने भूत बोलावून त्याचा मार खायचा? मास्तर, हे तुमच्या चौथ्या खेळीसाठी ठीक आहे. त्याने दोन तासच खेळलंय. उडाणटप्पू, सरळ नव्याने सुरू कर. रेडगार्ड, क्लास वॉरियर, रासही वॉरियर. लाँग ब्लेड पहिल्याच मिनिटाला पन्नास होतं. जादू नंतर शिकता येते, पैसे देऊन.

गणितमास्तर (९:३३)

म्हणजे सगळ्यांनी रेडगार्डच खेळायचं. मग वंश दहा दिले कशाला?

जुनीसीडी (१०:०२)

काय दिवस आठवले! मी हा पहिल्यांदा खेळलो तेव्हा बारावीत होतो. मित्राकडून तासाभराच्या बोलीवर आणलेली सीडी तीन महिने परत केली नाही. मशीन इतकं संथ होतं की दार उघडलं की चहा गाळून यायचो, तेव्हा खोली दिसायची.

मार्करचं विचारलंय तर, नाहीच तो. आणि म्हणूनच हा गेम डोक्यात बसतो. इथे लोक पत्ता सांगतात आपल्या गावाकडे सांगतात तसा: दक्षिणेला जा, पूल ओलांड, किल्ला लागेल, मग वर वळ. पुढे कायस तुला हासफाटकडे पाठवेल आणि हासफाट आर्कंगथांडच्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणायला सांगेल. पोचलो तर अवशेषाला दारच उघडेना. एक रात्र घालवली. शेवटी कळलं, बाहेरच्या पाइपावर एक दांडा आहे, तो फिरवायचा. आत पेटी एका फळीवर, हाताच्या मुठीएवढी, आजूबाजूच्या भंगारासारखीच तपकिरी. दोनदा तिच्यासमोरून गेलो. मी वहीच घातली होती, शंभर पानी. आईला वाटायचं अभ्यास चाललाय.

ड्रॅगनभाई (१०:१०)

दोन रात्री दार शोधण्यात घालवायच्या याला मजा म्हणतात होय! मार्कर असता तर पाच मिनिटांत काम.

जुनीसीडी (१०:१४)

दोन नाही, एकच रात्र. आणि पाच मिनिटांत झालेलं काम तुम्हाला वीस वर्षांनी आठवेल का?

उडाणटप्पू (१०:२०)

काका, सुंदर, पण कायस कुठेय?

चिंगी_८८ (१०:२६)

बाल्मोरात साउथ वॉल कॉर्नरक्लब नावाचं दारूचं दुकान आहे, तिथे विचार, घर सांगतील. सेयडा नीनमधल्या अधिकाऱ्याने हेच सांगितलं होतं, तू वाचलं नसणार. घरात उघड्या अंगाने एक म्हातारा भेटेल, तोच. गेल्यावर म्हणेल तू अजून कच्चा आहेस, जरा अनुभव घेऊन ये. राग मानू नकोस, तो सगळ्यांना असंच म्हणतो. वर दोनशे नाणी देतो.

आणखी दोन गोष्टी. कचेरीच्या अंगणातल्या पिंपात एक अंगठी सापडते, ती फारगॉथ नावाच्या बुटक्या एल्फची आहे. परत दे, आरिल खूश होतो.

दुसरं, बाल्मोरा रस्त्यावर आकाशातून एक जादूगार किंचाळत पडतो. त्याच्याजवळ तीन कागद मिळतील. एक वाचलास की सात सेकंद उडीची ताकद हजाराने वाढते. पण ती सात सेकंदंच. खाली येताना दुसरा कागद वाचला नाहीस तर तुझंही त्याच्यासारखंच होईल.

कालवण (१०:४०)

अंगठी परत देऊ नको. बरं करणारी अंगठी आहे ती, जखम भरते, पुन्हा पुन्हा वापरता येते. तो फारगॉथ एवढा गरीब नाही, रात्री दीपगृहावरून पाळत ठेव, पैसे कुठे लपवतो ते दिसेल.

चिंगी_८८ (१०:४४)

दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची, हे शिकवताय त्याला.

कालवण (१०:४५)

ताई, तो एल्फ आहे.

बाय द वे, याच गेममध्ये एक बोलणारा खेकडा आहे, नकाशाच्या आग्नेयेला एका बेटावर. दहा हजार नाणी बाळगून असतो आणि तू आणशील ते पूर्ण भावाने घेतो. त्याच्यावर वार करू नकोस म्हणजे झालं.

लिनक्सनाथ (दुपारी १२:३०)

कबूल केल्याप्रमाणे ओपनएमडब्ल्यूची माहिती. पहिली पायरी: तुमच्या डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरमध्ये

चिंगी_८८ (१२:३१)

नाथ, वेगळा धागा काढा ना प्लीज.

उडाणटप्पू (दुपारी ३:०५)

मंडळी, नव्याने सुरू केला. रेडगार्ड, वॉरियर, वॉरियर. तलवार घेतली, हिरवी पट्टी भरू दिली, दबकत गेलो. खेकडा दोन वारांत गार! कालवण, पहिली कुर्ली तुम्हाला.

अंगठी ठेवली, सॉरी ताई. जबरदस्त आहे. तीन तासांत एकदाही झोपावं लागलं नाही. जवळच्या गुहेतले चोर साफ केले, कैदी सोडवले. आता पायी बाल्मोराकडे निघालोय. धन्यवाद सगळ्यांना, धागा बंद केला तरी चालेल.

गणितमास्तर (३:१०)

झोपला नाहीत? मधेच 'आता विश्रांती घे, शिकलेल्याचा विचार कर' असा संदेश आला असेल ना? इथे पातळी झोपल्यावरच वाढते.

उडाणटप्पू (३:५२)

आला होता, कापला. तो जादूगार खरंच पडला! त्याच्या किंचाळण्याने मी खुर्चीतून उठलो. कागद वाचला, उडी मारली. काय दृश्य! अख्खं बेट खाली, ढग बाजूला, समुद्र दिसतोय. स्क्रीनशॉट घेत होतो.

चिंगी_८८ (३:५४)

दुसरा कागद वाचलास ना?

उडाणटप्पू (३:५९)

तो पॅरा मी अर्धाच वाचला होता. 😐
असो, मागचा सेव्ह उघडतो. ऑटोसेव्ह कुठल्या फोल्डरमध्ये असतो? यादीत रात्रीचा हाय एल्फच दिसतोय.

गणितमास्तर (४:०१)

या गेममध्ये ऑटोसेव्ह होतो तो झोपल्यावर.

उडाणटप्पू (४:०२)

मी झोपलोच नाही.

कालवण (४:०३)

अंगठी होती ना.

चिंगी_८८ (४:०४)

मी काही बोलत नाही.

उडाणटप्पू (४:२०)

परत गेमच्या सुरुवातीच्या बोटीवर आहे. तो एका डोळ्याचा जिउब परत नाव विचारतोय, तिसऱ्यांदा. या वेळी रास कोणती घेऊ?

गणितमास्तर (४:२१)

ॲट्रोनॅक.

चिंगी_८८ (४:२१)

अजिबात नाही.